आप्तसंबंध आणि राष्ट्राचें द्वार

परक्यास आपल्या घरीं घ्यावें कीं न घ्यावें हें ठरविण्याचा राष्ट्रास अधिकार आहे काय, हा वाद जुना आहे. तो अधिकार आम्ही येथें गृहीत धरून चालतों. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जें नातें राष्ट्रानें एकदां मान्य केलें, त्यास तें किती काळ दारांत तिष्ठत ठेवूं शकतें?

उदाहरणार्थ अमेरिकेचा कायदा घेऊं. इ. स. १९६५ मध्यें त्या देशानें माणसाची मूळ भूमि पाहून वांटा ठरविण्याची पूर्वीची पद्धत टाकली आणि आप्तसंबंधास अग्रस्थान दिलें. नागरिकाची पत्नी किंवा पति, त्याचीं २१ वर्षांखालील अविवाहित मुलें, आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा असल्यास त्याचे आईबाप, यांस संख्येची मर्यादा नाहीं. भावंडांस मात्र आहे. त्यांच्या वर्गास वर्षाकांठीं सुमारें ६५,००० जागा, त्यांतच त्यांच्या बायकामुलांची गणना. शिवाय एका देशाच्या वांट्यास शेंकडा ७ ची मर्यादा. अर्ज ज्या दिवशीं दाखल झाला, तो दिवस म्हणजे रांगेंतील जागा. भारतांतील भावास ती जागा पुढें सरकण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. मामा, आत्या, आजोबा यांस तर रांगच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ज्याचा भाऊ तेथें आहे त्यानें, ज्याचें तेथें कोणीच नाहीं त्याच्या पुढें कां जावें? आक्षेप वजनदार आहे, आणि त्यास आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. भाऊ आमच्या हिशेबीं आप्त नव्हे, असें कायद्यानें स्पष्ट म्हटलें असतें, तर तें कठोर झालें असतें, पण प्रामाणिक झालें असतें. माणसानें एकदां रडून आपला संसार जेथल्या तेथें मांडला असता. परंतु भावास आप्त म्हणावयाचें आणि अर्धें आयुष्य उंबरठ्यावर बसवावयाचें, हें देणें नव्हे आणि नाकारणेंही नव्हे.

याचा खरा जाच मुलांस होतो. अर्जाच्या वेळीं पांच वर्षांचें असलेलें मूल जागा येईपर्यंत एकविशी ओलांडतें, आणि मग तें बापाबरोबर जाण्यास अपात्र ठरतें. इ. स. २००२ च्या कायद्यानें कचेरीनें अर्जाच्या निर्णयास लावलेला काळ वयांतून वजा करण्याची सवलत दिली; रांगेंत गेलेला काळ मात्र वजा होत नाहीं. अशा मुलास बापाची जुनी तारीखही लाभूं नये, हा सरकारी खात्यानें लावलेला अर्थ तेथील सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०१४ मध्यें पांचाविरुद्ध चार मतांनीं ग्राह्य धरला. म्हणजे भावास भेटावयाचें तर मुलास मागें टाकावें! कुटुंबें जोडण्यासाठीं केलेला कायदा दारांतच कुटुंब तोडून मागतो.

नातें हें राज्याचें दान नव्हे. राज्य फक्त त्याची ओळख पटवितें. ती ओळख किती व्यापक असावी याविषयीं सज्जनांतही मतभेद राहतील. परंतु जागा थोड्या असतील तर वचनही थोडेंच द्यावें, आणि दिलेलें वचन मुलाचें बालपण सरण्यापूर्वीं पाळावें, एवढी अपेक्षा कोणत्याही राष्ट्राच्या सार्वभौमत्वास बाध आणीत नाहीं. वेळेवर दिलेला नकारही एक प्रकारची दयाच असते.