पुराचे पाठांतर

पाऊस लागून राहिला की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या जुन्या पुलाशी पाणी ४० फुटांवर पोचले की इशारा, ४५ वर धोका. २००५ मध्ये ते ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५४ च्या पुढे. हे आकडे गावाला पाठ आहेत. तरीही २००५ मध्ये जिथे पाणी साचले होते, त्या सखल भागांत पुढच्या चौदा वर्षांत नवी घरे उभी राहिली, दुकानांचा माल तळमजल्यावरच भरला गेला. २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हाही लोक म्हणत होते, "इथवर येणार नाही."

आकडा लक्षात राहिला आणि धोका विसरला गेला. याचा दोष आपण जमिनीच्या हव्यासावर, ढिल्या कारभारावर टाकतो. तो दोष खराच आहे. पण हव्यासाला आणि ढिलाईला वाव मिळतो, तो आपल्या सर्वांच्या विसरण्यामुळे. म्हणून माणूस का विसरतो हा प्रश्न कृष्णाकाठी केवळ मानसशास्त्राचा उरत नाही. तो घराच्या जोत्याच्या उंचीचा प्रश्न होतो.

विसरण्याचे मोजमाप पहिल्यांदा केले ते हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांचा विषय तो स्वतःच होता. ज्यांचा कशाशीही संबंध लागू नये अशी निरर्थक अक्षरे त्याने रचली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ नाहीसा झालेला असे. एका दिवसानंतर साधारण एकतृतीयांश उरे, महिन्यानंतर एकपंचमांश. म्हणजे विसरण्याचा उतार आरंभी तीव्र असतो आणि पुढे मंदावतो. त्याला आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी रेटून केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमांत जास्त टिकते.

मेंदू असा का वागतो? १९९१ मध्ये जॉन अँडरसन आणि लाएल स्कूलर या अमेरिकी संशोधकांनी याचे एक विचारात पाडणारे उत्तर दिले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एखादा शब्द आज आला, तर तो उद्या येण्याची शक्यता किती, महिन्याभराने किती, असा हिशेब त्यांनी केला. अलीकडे आलेला आणि वारंवार येणारा शब्द पुन्हा येण्याची शक्यता अधिक, आणि दिवस जातील तशी ती घटत जाते. ही घट विसरण्याच्या त्या उतारासारखीच निघाली. त्यांचे म्हणणे असे की स्मृती जगाच्या रीतीला जुळवून घेते. जे नुकतेच लागले, जे सारखे लागते, ते ती हाताशी ठेवते, आणि जे बराच काळ लागले नाही ते मागे सारते. या दृष्टीने विसरणे हे स्मृतीच्या कामाचेच अंग ठरते. रोज भेटलेला प्रत्येक चेहरा, प्रत्येक भाव, प्रत्येक बोलणे सारख्याच ठसठशीतपणे समोर राहिले असते, तर माणसाला विचारच करता आला नसता.

पण या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. ती वारंवारतेचा हिशेब ठेवते. परिणामाचा ठेवत नाही. रोज लागणारी किल्ली आणि चौदा वर्षांनी येणारा पूर यांत रोजच्या गोष्टीला ती झुकते माप देते. क्वचित येणारी आणि आली तर सर्वस्व नेणारी आपत्ती मानवी स्मृतीच्या नेमक्या दुबळ्या जागी पडते.

याहून सूक्ष्म गोष्ट पावलोव्हच्या प्रयोगांत दिसते. खाण्याआधी ठराविक खूण मिळाली की कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. ती खूण पुन्हा पुन्हा देऊनही खाणे दिलेच नाही, तर लाळ सुटणे थांबते. मात्र काही काळ विश्रांती देऊन तीच खूण पुन्हा दिली, तर लाळ परत सुटते. म्हणजे जुने शिकणे पुसले गेले नव्हते. 'खुणेमागे काही येत नाही' हा नवा धडा त्याच्यावर बसला होता, इतकेच. कृष्णाकाठचे विसरणे मला या जातीचे वाटते. दर पावसाळ्यात नदी फुगते, इशाऱ्याचे भोंगे वाजतात, पाणी घाटाच्या पायऱ्या चढते आणि बहुतेक वर्षी ओसरते. असा प्रत्येक पावसाळा आपल्याला शिकवतो : काही होत नाही. पुराची आठवण झिजत जाते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्यावर निर्धास्तपणाचे पाठ चढत जातात. २०२१ मध्ये मात्र वेळेवर सामान हलवणारी, जनावरे सोडवून वर नेणारी कुटुंबे पुष्कळ होती, कारण २०१९ च्या पाण्यावर अजून निर्धास्तपणाचे थर चढले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, इतकी भयंकर गोष्ट माणूस विसरेलच कसा? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवून पाहा. चार वाजून गेले होते. कोयनानगरजवळ केंद्र असलेल्या भूकंपाने पाटण, कराड, सातारा, सांगली हादरली. सुमारे १८० माणसे गेली, हजारो घरे पडली. त्या पहाटे आपण कुठे होतो, अंगावर काय पांघरले होते, कुणी कुणाला उचलून अंगणात आणले, हे ज्यांनी ती पहाट पाहिली ते आजही क्षणाक्षणाने सांगतात. अशी आठवण काळजात कोरलेली असते, यात शंका नाही. पण ती कोरीव लेखासारखी जशीच्या तशी राहते का?

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, काय करत होतात? सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पुष्कळांची उत्तरे बदललेली होती. काहींची तर पूर्णपणे. आणि उत्तर चुकीचे असूनही त्यांचा विश्वास मात्र पक्का होता. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद पाहूनही काहींना तो पटला नाही. पुढे २००० मध्ये करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले की जागी केलेली आठवण काही काळ पुन्हा कच्ची होते आणि मेंदूत नव्याने पक्की व्हावी लागते. म्हणजे आठवणे ही दरवेळी थोडी नव्याने बांधणी असते. तीव्र भावना आठवणीला जिवंतपणा देते. अचूकपणाची हमी देत नाही. भूकंपाची पहाट माणसाला आयुष्यभर सोडणार नाही, पण कोणती भिंत आधी पडली आणि कशामुळे पडली, हे घर बांधताना लागणारे ज्ञान त्या आठवणीत सुरक्षित असेलच असे नाही. त्यासाठी भूकंपमापकाची नोंद लागते.

म्हणजे एकट्या माणसाच्या डोक्यावर विसंबून चालत नाही. मग विसंबायचे कशावर? याचे उत्तर कृष्णेच्या काठीच, वाईत सापडते.

वाई हे पाठांतराचे गाव. वेद लिहून न ठेवता मुखाने जपण्याची परंपरा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि त्यामागची योजना पाहिली तर थक्क व्हायला होते. मंत्र सरळ म्हणायचा, ही संहिता. पदे सुटी करून म्हणायची, हा पदपाठ. पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा जोड्या लावायच्या, हा क्रम. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे, ही जटा. त्याहून गुंतागुंतीचा तो घनपाठ. एका पद्धतीत निसटलेली चूक दुसरीत पकडली जाते. एकाची चूक शेजारी बसलेल्याच्या कानाला खटकते. आणि हे सारे एकदा शिकून संपत नाही. त्याची आवृत्ती नित्य करावी लागते. एबिंगहाऊसला जे मोजून कळले, ते या लोकांनी आचरणात आणले होते. त्या विद्येची दारे समाजातल्या बहुतेकांना बंद होती, हेही इथे विसरून चालणार नाही. पण ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी वाईच्याच सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा अक्षरओळख नसलेली माणसेही हरिपाठ अखंड म्हणताना दिसतात. चाल, टाळ आणि शेजारचा आवाज यांच्या आधाराने एकाला न आठवलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडून येतो. स्मृती सर्वांची झाली की ती टिकते, हे वारकऱ्यांनी दाखवले.

त्याच वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे, पुराचे पाणी तिच्यावर आपटून दोहों अंगांनी निघून जावे म्हणून. बांधणाऱ्यांना पूर आठवत होता, आणि आपल्या पश्चात तो कुणाला आठवेल की नाही याची वाट न पाहता त्यांनी ती आठवण दगडात घालून ठेवली. नदीने पुढे सांगली ओलांडली की नरसोबाची वाडी येते. तिथे पूर दत्ताच्या पादुकांवरून वाहू लागला की लोक दक्षिणद्वाराच्या पर्वणीला स्नानाला येतात, आणि पाणी वाढेल तशी देवाची उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवली जाते. देव हलतो म्हणजे माणसानेही हलायचे असते, हे तिथल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही.

दगड आणि रीत, दोन्हींचे बळ जगात इतरत्रही दिसले आहे. जपानच्या अनेयोशी या वस्तीची १८९६ च्या त्सुनामीत धूळधाण झाली. लोक पुन्हा किनाऱ्यालगत राहायला आले आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच झाले. त्यानंतर त्यांनी चढावर शिळा रोवली आणि तिच्याखाली घर बांधू नये असे तिच्यावर कोरले. २०११ ची लाट त्या शिळेच्या खालीच थांबली.

रीतीचे बळ का मोठे, हे हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे कळले. १९५३ मध्ये अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढण्यात आला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केले होते याची मात्र त्याला दाद नसे. घटनेची स्मृती आणि हाताची स्मृती मेंदूत निराळ्या वाटांनी वसतात. म्हणून पुराची कथा सांगणे पुरेसे नाही. कागदपत्रे कुठल्या पिशवीत, जनावरे कोणत्या वाटेने, म्हातारी माणसे आधी कुणाकडे, हे दरवर्षी करून पाहिले तर ते हातापायांत उतरते आणि आणीबाणीत डोके सुन्न झाले तरी हातपाय चालतात.

विसरण्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना सुरक्षित ठिकाणी नेणारी बोट उलटली. ज्या घरांतली माणसे त्या दिवशी गेली, त्यांना ती आठवण रोज जागवायला सांगणे क्रूरपणाचे आहे. दुःखाची धार बोथट होणे ही निसर्गाने माणसावर केलेली कृपा आहे. तिच्याविना कुणाला पुढचे पीक लावता आले नसते. म्हणून स्मरणाचा भार ज्यांचे गेले त्यांच्यावर टाकू नये. ज्यांचे गेले त्यांना विसरू द्यावे. ज्यांचे गेले नाही त्यांनी लक्षात ठेवावे. सुख-दुःखाच्या आठवणी व्यक्तीच्या असतात, धोक्याची आठवण समाजाची असते. ती सांभाळण्याचे काम भिंतीने, शाळेने, ग्रामपंचायतीने आणि कायद्याने करायचे असते. नकाशावरच्या निळ्या आणि लाल पूररेषा ही आजची लिखित स्मृती आहे. तिच्या आत बांधकामाला सूट मागणे म्हणजे गावाच्या स्मृतीचाच एक भाग खोडून टाकायला सांगणे होय.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. कागदावर जिल्हे वेगळे झाले, नदी वेगळी झाली नाही. महाबळेश्वर आणि कोयनेच्या डोंगरात पडलेला पाऊस कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीच्या उंबऱ्याशी येतो, आणि पुढे हरिपूरच्या संगमावर वारणेचे पाणी त्याला मिळते. म्हणून हे पाठांतरही दोघांनी मिळून करायला हवे. काठावरच्या प्रत्येक शाळेच्या, देवळाच्या आणि चावडीच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ सालासकट कोरून ठेवावी. मे महिन्याच्या ग्रामसभेत ती रेघ सर्वांना दाखवून घर सोडण्याची वाट प्रत्यक्ष चालून पाहावी. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून पुराची आणि भूकंपाची हकीकत लिहून घ्यावी, कारण १९६७ ची पहाट पाहिलेली पिढी आता थकली आहे. आणि घर घेताना, प्लॉट घेताना आपण प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारावा : इथे पाणी कुठवर आले होते? उत्तर देणारा अडखळला, तर तो व्यवहार करू नये.