रिकाम्या चापाचा जोर

शॉटगनमध्ये काडतूस न घालता चाप ओढला, तर बंदूक बिघडते का? कुणी म्हणतो, चुकूनही ओढू नये. कुणी म्हणतो, हल्लीच्या बंदुकांना काही होत नाही. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. चापाने मोकळा केलेला जोर शेवटी कुणाच्या अंगावर गेला, हे पाहिले की उरलेला अर्धा भाग कळतो.

चाप ओढताच ताणलेल्या स्प्रिंगच्या बळावर घोडा पुढे झेपावतो आणि फायरिंग पिनवर आदळतो. पिन छिद्रातून डोकावून काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर बसते. टोपीचा धातू मऊ. तो खचतो आणि खचता खचता तो जोर पोटात घेतो. काडतूस नसले तरी घोड्याचा जोर तेवढाच असतो, अडवायला मात्र कुणी नसते. जोरात फिरवलेली बॅट चेंडूला लागली नाही की हिसका खांद्याला बसतो, तसेच हे. पिन आतल्या पोलादावर आपटते किंवा तिला मागे आणणारी छोटी स्प्रिंग पुरती दबते. एकदोनदा हे खपून जाते. पण पुन्हा पुन्हा झाले की पिनेची जाडी जिथे एकदम कमी होते तिथे बारीक तडा जातो, आणि पुढे केव्हातरी टोक तुटते.

म्हणून बंदूक कोणती, याला महत्त्व आहे. जुन्या दुनळीची पिन तुटली तर तशी दुसरी बाजारात मिळेलच असे नाही. कारागिराकडून घडवून घ्यावी लागते. ट्रॅप-स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या, आजच्या ओव्हर-अंडर (एकावर एक नळी असलेल्या) बंदुका हजारो फैरी सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांना काडतुसाविना चाप ओढण्याचा थोडा सराव सहसा बाधत नाही. पॉइंट टू-टू रायफलची गोष्ट वेगळी. तिची पिन काडतुसाच्या काठावर मारते. काडतूस नसेल तर काही रायफलींत ती थेट नळीच्या कडेवर बसते.

यावर उपाय म्हणजे स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेले नकली काडतूस. त्यात टोपीच्या जागी स्प्रिंगवरची गुंडी किंवा रबर असते आणि जोर तेच झेलते.

पण शॉटगनला चापाचा एवढा सराव लागतो का? रायफलवाल्याचे लक्ष्य स्थिर असते. चाप ओढताना नेम हलू न देणे हीच त्याची कसरत. शॉटगनवाल्यासमोर 110 मिलिमीटर व्यासाची तबकडी उडत असते. त्याला हवे असते बंदूक दरवेळी खांद्यावर एकाच जागी येणे, गाल दस्त्याला टेकणे आणि नळी न थांबता फिरणे. भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून नळी फिरवली तरी हे साधते. चापाला हात लावावा लागत नाही. शिवाय एकाच चापाच्या अनेक दुनळी बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसरी नळी सज्ज होते. धक्का नाही तर दुसरा बार नाही, म्हणजे त्याचा सराव रिकाम्या बंदुकीवर होतच नाही.

तेव्हा आधी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहाव्यात, स्नॅप कॅप घालाव्यात आणि बंदूक खांद्यावर आणण्याचा सराव भरपूर करावा. चाप अधूनमधून ओढला तरी पुरे.