मारुतीच्या आत कोण असतं?

जुलैच्या शेवटी अंजनगावहून फोन आला. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा यंदाचा अध्यक्ष माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलेलं आहे.

"दादा, औंदा आपला मारुती बोलता कराचा हाय."

"बोलतोच की तो. सीडी लावता ना?"

"तसा नाही न. लोकं काही विचारतीन अन् तो उत्तर देईन, असा. तू तेच काम करतं न पुण्यात?"

"पाहतो," म्हणून मी फोन ठेवला. हो म्हणायचं की नाही, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. हा लेख म्हणजे ते ठरवण्याचा प्रयत्न आहे.

इतिहासाच्या पुस्तकात अंजनगाव सुर्जी एकदाच येतं. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला. त्यानंतर पुस्तक पुढे निघून जातं आणि गाव मागे राहतं: शहानूर नदी, पानमळे, आणि मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची ती अरुंद रुळांची 'शकुंतला'. थीम पार्क म्हणावं असं आमच्या लहानपणी एकच ठिकाण होतं, शेगावचं आनंदसागर, तेही शाळेच्या सहलीपुरतं. पोशाख चढवलेली पात्रं आम्हाला दोनच ठिकाणी भेटायची. एक म्हणजे दारात येणारा बहुरूपी, आणि दुसरं म्हणजे गणपतीतले देखावे.

देखाव्यांचे दोन प्रकार. हलत्या देखाव्यात पुतळे असतात, खाली मोटर आणि पट्टा असतो, भीमाची गदा खाली-वर होत राहते. जिवंत देखाव्यात माणसं असतात, पण बोलणं त्यांचं नसतं. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, ते कर्ण्यावरून वाजतात, आणि पात्रं त्याबरहुकूम हातवारे करतात. सातवीत असताना मी अशा एका देखाव्यात मारुती झालो होतो. प्रसंग संजीवनीचा. लक्ष्मण मूर्च्छित, हातावर थर्माकोलचा द्रोणागिरी, तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा. मुखवट्याला ओठांच्या जागी एक फट होती, तिच्यातून मला दिसायचं. आवाज मात्र कोण्या भारदस्त माणसाचा होता. तो कोण होता, हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. सीडी विकत आणलेली होती.

पाचव्या की सहाव्या रात्री, दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात, एक म्हातारी बाई दोरी ओलांडून पुढे आली. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "देवा, माह्या पोराले दवाखान्यातून घरी आन." मला घाम फुटला. सीडी बंद होती, म्हणजे मारुतीजवळ आवाज नव्हता. आणि माझा स्वतःचा आवाज तेव्हा फुटायच्या बेतात होता, तो ऐकला असता तर सगळंच संपलं असतं. मी काहीतरी करायचं म्हणून मान हलवली. होकारार्थी. ती उठली आणि निघून गेली.

शेवटच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत मी बुंदी वाढत होतो. ती बाई पंगतीत बसलेली होती. तिने माझा हात धरला. "तूच होता न रे मारुती? मान हालवली तुनं. पाह्यलं म्या."

मी गप्प. मुलाचं काय झालं, हे विचारायचीही हिंमत नव्हती. तीच म्हणाली, "हाय अजून दवाखान्यात. पण तुनं मान हालवली, तेवढंच बरं वाटलं, बापू." आणि पानातली बुंदी खायला लागली.

कित्येक वर्षं मी असं धरून चाललो होतो की मी तिला फसवलं आणि तिने मला माफ केलं.

नंतर मी इंजिनियर झालो, पुण्याला आलो, आणि दोन वर्षांपूर्वी एका अशा कामावर लागलो की ती बुंदी पुन्हा आठवावी. मनोरंजन पार्क आणि मॉल यांच्यासाठी बोलणारं पात्र तयार करायचं होतं. माणसाने आत शिरायचा एक अस्वलाचा पोशाख. डोक्यात छोट्या मोटरी, त्यांनी जबडा आणि पापण्या हलतात. कानाशी माइक, छातीशी स्पीकर. समोरचं मूल बोललं की त्याचं बोलणं मजकुरात बदलतं, मजकूर भाषेच्या मॉडेलकडे जातो, उत्तर येतं, त्याचा आवाज होतो, आणि त्या आवाजाच्या लयीत जबडा हलतो. उत्तर यायला वेळ लागला तर अस्वलाने "अंऽऽ" करून डोकं खाजवायचं. हे 'अंऽऽ' माझं होतं. मला त्याचा अभिमानही होता.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. मिकी माउस १९२८ साली पडद्यावर आला आणि पुढे बरीच वर्षं त्याचा आवाज स्वतः वॉल्ट डिस्नेचा होता. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. पण तिथे पोशाख घालून मुलांना भेटणारा मिकी कित्येक दशकं मुकाच होता. कारण उघड आहे. पडद्यावरचा मिकी एका माणसाच्या गळ्यात होता आणि बागेतला मिकी अनेकांच्या अंगात. प्रत्येकाला बोलू दिलं असतं तर तितके मिकी झाले असते. मग २००४ साली फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये एक कासव आलं. ते पडद्यावरचं ॲनिमेशनच, पण समोर बसलेल्या मुलांशी गप्पा मारणारं. त्यामागे लपलेला एक नट मुलांना बघत-ऐकत असतो, तो बोलतो आणि कासव हलतं. २०१० नंतर पापण्या आणि तोंड हलवणारा, ध्वनिमुद्रित वाक्यं बोलणारा मिकीही लोकांना भेटू लागला.

आपल्याकडे हे कोडं रामदास पाध्ये यांनी फार पूर्वीच मांडून ठेवलं आहे. अर्धवटराव बोलतो तेव्हा बोलणारा माणूस शेजारीच बसलेला असतो, आपल्याला दिसत असतो, तरी आपण बघतो अर्धवटरावांकडे. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू तर आमच्या पिढीची झोप उडवून गेला. बाहुला पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तो बाहुला एकटा कधीच नव्हता.

१७७० साली व्हिएन्नात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं होतं. फेटा बांधलेला तुर्क, समोर पट, खाली दातेरी चाकं. लोकांना वाटायचं आत यंत्र आहे. आत माणूस दडलेला असायचा. आम्ही अडीचशे वर्षांनी बरोबर उलटं करत होतो. आमच्या अस्वलाच्या आत माणूस तर होताच, पण मुलाशी बोलत होतं ते यंत्र.

त्या आतल्या माणसाबद्दल सांगायला हवं. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, रोजंदारीवर. पोशाखात इतकं उकडायचं की वीस मिनिटांनी त्याला बाहेर काढावं लागे. एका मॉलमध्ये चाचणी सुरू असताना सहाएक वर्षांची एक मुलगी आली. तिने आधी पाठीमागे जाऊन चेन शोधली, ती सापडल्यावर खूश झाली, मग समोर येऊन विचारलं, "माझे बाबा कधी येणार?"

अस्वलाने "अंऽऽ" केलं, डोकं खाजवलं आणि आनंदाने म्हणालं, "बाबा लवकरच येतील! तोपर्यंत आपण नाचूया?"

मुलीच्या आईचा चेहरा मी स्क्रीनवर पाहिला. ती काही बोलली नाही. मुलीला घेऊन निघून गेली. बाबा कुठे होते, मला माहीत नाही. परगावी असतील, किंवा कुठेच नसतील.

पोशाख काढल्यावर तो मुलगा घाम पुसत म्हणाला, "सर, ती विचारते ते मला ऐकू येतं. पण उत्तर मला तिच्याबरोबरच कळतं."

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट प्रश्न पडला. माझं मान हलवणं आणि अस्वलाचं 'लवकरच' यांत फरक काय? माझ्या हातातही काहीच नव्हतं. मीही खोटाच होकार दिला होता. खरं-खोटं एवढीच कसोटी लावली तर आम्ही दोघे एकाच रांगेत उभे राहतो.

ती बाई जाणती होती आणि मुलगी अजाण, असं म्हणावं, तर मुलीने चेन शोधली होती. आत कुणीतरी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच तिने विचारलं. हेतूचं म्हणावं, तर आमच्यापैकी कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

मला वाट सापडली ती आपल्याच भाषेत. मराठीत सोंग आणि ढोंग असे दोन शब्द आहेत. यमक जुळत असल्यामुळे आपण ते एका दमात म्हणतो, पण त्यांची क्रियापदं वेगळी आहेत. सोंग घेतात, वठवतात आणि उतरवतात. ढोंग कुणी उतरवत नाही, ते उघडं पडतं. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी फौजदार होऊन यायचा, आजीला दरडावायचा, वॉरंट आहे म्हणायचा. आणि शेवटी हात पुढे करून धान्य मागायचा. ते मागणं म्हणजेच सोंग उतरवणं. आता समोर फौजदार नाही, पोट असलेला माणूस आहे. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ते याच अर्थाने असावं.

सोंग उतरल्यावर मागे कुणीतरी उरतं, आणि त्याला जाब विचारता येतो. मारुती उतरला तेव्हा पंगतीत बुंदी वाढणारा मी उरलो होतो. 'तूच होता न रे?' असं विचारायला ती बाई मला गाठू शकली. अस्वलाचं डोकं उतरवल्यावर उरतो तो मुलगा. तो म्हणतो, उत्तर माझं नव्हतं. मी म्हणतो, मी कोड लिहिलं, ते वाक्य लिहिलं नाही. कंपनी म्हणते, ते वाक्य कुणीच लिहिलेलं नाही. जबाबदार माणसाला आपण उत्तरदायी म्हणतो, म्हणजे उत्तर देणारा. आम्ही असं यंत्र बनवलं होतं की त्यात उत्तर होतं आणि उत्तरदायी कुणीच नव्हतं.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. तीच बाई देवळातल्या दगडाच्या मारुतीलाही हेच मागत असणार. तिथे आत कोण आहे? कुणी नाही. मग दगड चालतो आणि यंत्र का चालत नाही? मला वाटतं, कारण दगड गप्प बसतो. तो ऐकल्याचा आव आणत नाही, "अंऽऽ" करून डोकं खाजवत नाही. मागणारा आपलं मागणं तिथे ठेवतो आणि त्याचा अर्थ स्वतःच लावत घरी जातो. गप्प राहणारा दगड प्रामाणिक आहे. चुकीची मान हलवणारा पोरगाही, पकडला जाऊ शकतो म्हणून, प्रामाणिक आहे. कुणी नसताना कुणीतरी असल्यासारखं बोलणं, ही तिसरी गोष्ट आहे.

आतल्या माणसाला उगाच गोड रंगवायचं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारलं. ते बहुरूपी नव्हते, पण दारोदार फिरून पोट भरणारेच होते. आमच्या गल्लीत बहुरूपी येणंही आता बंद झालं आहे. परक्या वेशाच्या आत आपल्यासारखाच माणूस आहे, हे मानायला गावाला धीर लागतो, आणि तो धीर संपला की किंमत वेशातला माणूस मोजतो. यंत्राला कुणी मारू शकत नाही. पण ज्याच्यावर काहीच बेतू शकत नाही, त्याच्या शब्दाला वजन तरी कुठून येणार?

मी कंपनीत दोन गोष्टी मांडल्या. 'तू खरा आहेस का?' असं मुलाने विचारलं तर अस्वलाने "माझ्या आत एक दादा आहे" असं सांगावं. आणि आजारपण, मृत्यू, हरवलेलं माणूस असं काही आलं की यंत्राने गप्प व्हावं, पुढचं आतल्या माणसावर सोडावं. पहिली सूचना हसण्यावारी गेली. अस्वल अजूनही "मी तर खराच!" म्हणतं. दुसरी मान्य झाली. तत्त्व पटलं म्हणून नव्हे, तक्रारी टळतात म्हणून. आतल्या मुलाच्या हातमोज्यात एक बटण आलं. त्याने ते दाबलं की यंत्र थांबतं. एकदा मी त्याला बटण दाबून गुडघ्यावर बसताना आणि एका मुलाचा हात नुसताच धरून ठेवताना पाहिलं. ती माझ्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट होती, आणि तिच्यात माझं काम बंद होतं.

काल मी अध्यक्षांना फोन केला. जबड्याला मोटर बसवून देतो म्हटलं. सीडीवरच्या आवाजाबरोबर तोंड हलेल. उत्तरं मात्र नाहीत.

"काहून? लोकं विचारतीन न."

"आत कोण उभा राहतोय?"

"जोश्याच्या घरामागचं पोरगं. सातवीत हाय."

"मग त्याले सांग, कोनी बोललं तं ऐकून घे."

तो जरा वेळ थांबला. "अन् मान हालवाची का त्यानं?"

"ते त्याचं त्याले ठरवू दे," मी म्हणालो. "पण महाप्रसादाले बुंदी वाढाले त्यालेच उभं कर."