‘आज नको’ म्हणण्याची ऐपत

मे महिन्यात आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे असो की दुर्गवाडी, अंगणात आणि कातळावर बाळहिरडा वाळत पडलेला असतो. आठळी धरण्याआधीचं हे कोवळं फळ. गड्यांनी झाडावर चढून ते पाडायचं, बायकापोरांनी वेचायचं, काळं पडेपर्यंत उन्हात वाळवायचं. पुढे ते आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांकडे जातं. या कामाला मुकादम नाही, हजेरी नाही, पगारही नाही. सरकारी पाहणीत अशा माणसाची नोंद ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात होते. देशातले निम्म्याहून अधिक कामकरी याच रकान्यात आहेत.

त्यांची कमाई कशावर ठरते? कष्ट, कौशल्य, शिक्षण, थोडं भांडवल, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. पण हिरड्याच्या झाडावर चढायला आहुप्याच्या महादेव कोळी आदिवासीला कोणी शिकवावं? असं समजा, शेजारच्या दोन घरांत सारख्याच प्रतीचा हिरडा वाळला आहे. एका घराला पाऊस पडायच्या आत भाताचं बी आणायचंय, पोरांच्या वह्या घ्यायच्यात, व्यापाऱ्याची उचल आधीच अंगावर आहे. दुसऱ्या घरचा पोरगा चाकणच्या कंपनीत आहे, महिन्याला चार पैसे पाठवतो. दारात आलेल्या व्यापाऱ्याला दुसरं घर ‘आज नको’ म्हणू शकतं, पहिलं म्हणू शकत नाही. भावातला फरक इथेच पडतो. घाम दोघांनी सारखाच गाळलेला असतो.

आणि हिरडा तरी वाळला की टिकतो. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो कोणासाठीच थांबत नाही. 2023च्या जुलैत तिथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि कोट्यधीश झालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या झळकल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मातीमोल भावामुळे ज्यांनी टोमॅटो फेकला, त्यांच्याकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. बियाणं तेच, तार-काठी तीच, ठिबकही तेच. हुशारी काही दोन महिन्यांत वाढलेली नसते. (त्या बातम्यांत ‘यशाचं गुपित’ विचारणाऱ्यांचं मला हसू येतं.)

कांदा मात्र थांबतो. मंचर, ओतूर, आळेफाटा भागात शेतकरी तो बराखीत भरून ठेवतात, म्हणजे थांबण्यासाठी रीतसर पैसे गुंतवतात. तरी 2023च्या 19 ऑगस्टला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ज्याची थांबायची ऐपत होती त्याचंही गणित दिल्लीच्या एका अधिसूचनेने फिरलं. म्हणून थांबता येणं म्हणजे हमी नव्हे. पण ज्याला थांबताच येत नाही, त्याला चुकायलासुद्धा वाव नसतो.

हिरडा वेचणाऱ्या घरांसारख्या आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात काम नसतं हे ओळखून राज्याने 1978 साली खावटी कर्ज सुरू केलं. 2020मध्ये ते एका वर्षापुरतं अनुदान झालं: कुटुंबामागे 4,000 रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा शिधा. त्याच वर्षी 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातला हिरडा झोडपला होता, तेव्हा मदत नकोशी कोणाला वाटली असेल? मला खटकते ती वेळ. खावटीचा सगळा विचार पावसाळ्यातल्या पोटाचा होता, आणि हिरड्याचा सौदा तर पावसाआधीच उरकतो. तेवढीच रक्कम मेच्या पहिल्या आठवड्यात हाती पडली, तर भाताचं बी त्यातून येईल आणि हिरड्याची पोती निदान महिनाभर घरात राहतील. एवढं करायला नवी योजना लागत नाही, जुनीच पुन्हा सुरू करून तिची तारीख अलीकडे आणावी लागते.