ज्यांनी दगड उचलला नाही

मूल हरवले म्हणजे घरातल्या माणसांची काय अवस्था होते, हे कोणास सांगावयास नको. अशा वेळी बापाने काय करू नये, असे विचारणेही कित्येकांना निष्ठुरपणाचे वाटेल. पण हाच प्रश्न विचारणारा एक चित्रपट आहे, आणि त्याचा विचार आपण मंडळीत बसून करावा असे आम्हांस वाटते.

‘प्रिझनर्स’, म्हणजे बंदिवान, हा इंग्रजी चित्रपट डेनी विलनव्ह यांनी २०१३ साली दिग्दर्शित केला. कथा अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाची. उपकारस्तुतीच्या सणाला डोव्हर आणि बर्च ही दोन शेजारी कुटुंबे एकत्र जेवतात. जेवणानंतर दोन्ही घरांच्या धाकट्या मुली, ॲना आणि जॉय, बाहेर जातात त्या परत येत नाहीत. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गाडीमुळे ॲलेक्स नावाच्या तरुणावर संशय येतो. त्याची समज दहा वर्षांच्या मुलाएवढी. पुरावा नसल्याने पोलीस त्याला सोडून देतात. तेव्हा ॲनाचा बाप केलर, सुतारकाम करणारा कुटुंबवत्सल माणूस, त्याला पळवून एका ओसाड इमारतीत कोंडतो आणि दिवसामागून दिवस त्याचा छळ करतो.

हा केलर देवभीरू आहे. चित्रपटाच्या आरंभीच त्याच्या तोंडी प्रभूची प्रार्थना ऐकू येते. पुढे तीच प्रार्थना म्हणताना, इतरांना क्षमा करण्याचा भाग येतो तेथे त्याची जीभ अडते. आपण दर रविवारी ते शब्द सहज म्हणून जातो. केलरला ते म्हणवत नाहीत, आणि तेवढ्यापुरता तो आपल्याहून प्रामाणिक म्हणावा लागेल.

परंतु केलरविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस अधिक अस्वस्थ करतात ती जॉयची आईबापे. बाप फ्रँकलिन सौम्य स्वभावाचा. केलर त्याला त्या कोठडीत नेतो तेव्हा तो हादरतो, रडतो, तरी हात देतो. त्याची पत्नी नॅन्सी सर्व डोळ्यांनी पाहते आणि एक निर्णय घेते: आपण केलरला मदत करायची नाही, पण त्याला अडवायचेही नाही.

हा निर्णय ओळखीचा नाही काय? स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांजवळ ठेवली. शौलाने दगड उचलला असे प्रेषितांची कृत्ये सांगत नाहीत. त्या वधास त्याची संमती होती, एवढेच सांगतात. पुढे तोच पौल झाल्यावर त्याने स्वतःच्या तोंडाने हे कबूल केले. आपले हात कोरे होते असे तो म्हणाला नाही.

शब्बाथशाळेतला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, “पण छळ केल्याने मुलगी सापडली असती तर?” हा प्रश्न टाळू नये. ॲलेक्स अगदीच अजाण नव्हता, मुली त्याच्या गाडीत बसल्या होत्या. केलरचा संशय पुरता खोटा नव्हता. तरी त्या कोठडीतून जे तुटक शब्द निघाले त्यांचा अर्थ त्याला लागला नाही. वाट दिसली ती जॉय निसटून आल्यावर तिच्या दोन शब्दांतून. पण एवढ्यावर थांबलो तर आपले उत्तर लंगडे राहील. छळ निरुपयोगी म्हणून वाईट, असे शिकवले तर तो उपयोगी पडेल त्या दिवशी आपल्याजवळ बोलावयास काही उरणार नाही. कोठडीतला तो तरुण स्वतःच लहानपणी पळवून आणलेले मूल होते, हे शेवटी उघड होते. त्याचीही आई वर्षानुवर्षे वाट पाहत होती. आपल्या लेकराच्या प्रीतीने दुसऱ्याच्या लेकरावर हक्क मिळत नाही, मग ते लेकरू दोषी असो वा निर्दोष.

आणि खरी अपराधी कोण? ॲलेक्सला वाढवणारी बाई. तिचा स्वतःचा मुलगा आजाराने गेला, तेव्हापासून तिने देवाशी वैर धरले. मुले नाहीशी करून भाविक माणसांना सैतान बनवावे, हा तिचा हेतू. म्हणजे केलर त्या कोठडीत जे झाला, तेच तिला हवे होते.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचा जीव घेतला. अशा प्रत्येक जमावात मारणारे असतात, आणि मारणाऱ्यांभोवती उभे राहणारेही असतात. त्या उभ्या राहणाऱ्यांनाही मुलेबाळे असतात, आणि भीती खरीच वाटत असते.

मुलांना आपण ‘वाईट करू नको’ असे शिकवतो. पण आपलाच माणूस आपल्याच भल्यासाठी वाईट करू लागला, तर काय करावे, हे शिकवतो काय? नॅन्सीला केलरशी झुंजावयाचे नव्हते. पोलिसांना एक फोन करावयाचा होता. घरात मुलीची रिकामी खाट असताना तो फोन उचलणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. तरीही तो तिनेच उचलावयाचा होता, कारण ती कोठडी तिने पाहिली होती.