पाणी ओढणारा देव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील नार्वे गावच्या सप्तकोटेश्वराची कथा पहिल्यांदा ऐकणारा एका जागी हमखास अडखळतो. हा कदंब राजांचा देव. त्याच्या वरप्रसादाने आपल्याला राज्य लाभले, असे ते आपल्या नाण्यांवर अभिमानाने कोरीत. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. 14व्या शतकात बहामनी स्वारीत ते पडले, तेव्हा लिंग शेताच्या बांधात लपवले गेले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवळाची पुन्हा उभारणी केली. 16व्या शतकात पोर्तुगिजांनी तेही जमीनदोस्त केले, आणि परंपरा सांगते की राजांच्या त्या देवाला विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामाला जुंपले.

ऐकणारा अडखळतो तो इथे. देऊळ पडल्याचे दुःख होते, पण देऊळ पडणे इतिहासात नवे नाही. देवाच्या अंगावरून दोर घासत जावा, हे मात्र कुणाच्या मनात आलेले नसते.

पुढे काही जणांनी ते लिंग तिथून हलवले आणि नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आणले. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. नार्वेच्या या नव्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देवळाच्या जीर्णोद्धाराला हात घातला. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. राज्य सरकारने अलीकडे दुरुस्त केलेले हे देऊळ 2023 मध्ये पुन्हा खुले झाले.

या कथेची ओढ कशात आहे? निव्वळ कलाटणीत असती, तर दुसऱ्यांदा ऐकताना ती संपली असती. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात आर्गोस शहरातली एक घटना नोंदवली आहे : मिटिस नावाच्या माणसाचा खुनी मिटिसचाच पुतळा पाहत उभा होता आणि तो पुतळा अंगावर कोसळून मेला. योगायोगसुद्धा हेतुपूर्वक घडल्यासारखा दिसला की अधिक अद्भुत वाटतो, असे त्याचे म्हणणे. भरतमुनींनीही नाटकाच्या शेवटच्या संधीत अद्भुत रस असावा असे सांगितले. दोघांचेही निरीक्षण अचूक आहे; पण नार्वेच्या कथेत रसाच्या पलीकडचा, थेट श्रद्धेला भिडणारा प्रश्न आहे. पदावरून खाली ओढलेला देव देव उरतो का?

त्याच 16व्या शतकात पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी कावडीने पाणी वाहत होता, आणि तो साक्षात द्वारकेचा कृष्ण होता, असे वारकरी परंपरा मानते. तिथे देवाने आपखुशीने खांद्यावर कावड घेतली. दिवाडीला त्याची विटंबना म्हणून त्याला पाण्याला लावले. या दोन गोष्टी एका पारड्यात तोलता येणार नाहीत. तरी पाणी ओढणाऱ्या देवाला देव म्हणून ओळखण्याची ताकद मराठी मनात होती, एवढे खरे. अपमान करणाऱ्यांना वाटले असेल की आता हा नुसता दगड राहिला. लिंग उचलून नेणाऱ्यांना तसे वाटले नाही. या घटनेला चमत्कार म्हणून मोकळे होणे त्या माणसांवर अन्यायाचे आहे. जोखीम त्यांनी पत्करली होती.

डिचोलीतल्याच शिरगावची लईराईची कथा याहून वेगळ्या अंगाने धक्का देते. विस्तव आणायला पाठवलेला भाऊ खेतोबा खेळात रमला. संतापलेल्या लईराईने त्याला लाथ मारली, आणि मग पश्चात्तापाने निखाऱ्यांवरून चालण्याचे प्रायश्चित्त घेतले, असे एका पाठात सांगतात. वैशाखातल्या जत्रेत धोंड म्हणवले जाणारे व्रतस्थ भक्त हातात वेताची काठी घेऊन आणि गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून पहाटे होमकुंडातून जातात, ते याच देवीचे. पुराणांतले देव चुकतात, शाप भोगतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण देवीची चूक हीच उपासनेच्या मुळाशी असावी आणि तिच्या प्रायश्चित्तात हजारो भक्तांनी सहभागी व्हावे, हे विलक्षण आहे. निर्दोष देवीची पूजा लांबून करता येते. चुकलेल्या देवीच्या मागोमाग मात्र चालावे लागते.

लईराईची बहीण मिराबाई म्हापशाची. ती ख्रिस्ती झाली आणि मिलाग्रिस सायबीण म्हणून चर्चमध्ये राहिली, असे लोक मानतात. धर्मांतराच्या काळातली ताटातूट आठवली तर या कथेत केवढी वेदना दडली असेल, ते कळते. तरी लोकांनी नाते तोडले नाही. शिरगावची जत्रा आणि सायबिणीचे फेस्त यांच्या निमित्ताने दोघी बहिणींमध्ये तेल आणि मोगऱ्याची फुले यांची देवाणघेवाण होते, असे सांगतात.

ईस्टरनंतरच्या त्या फेस्ताला म्हापशात हिंदू आणि ख्रिस्ती एकाच रांगेत उभे राहून मूर्तीवर तेल वाहतात. दोन्ही धर्मांच्या पंडितांना याची संगती लावणे जड जाईल. बाहेरून आलेला पाहुणा हे सारे नवलाने टिपून घेतो. रांगेतली बाई मात्र बहिणीकडे जावे तशी आलेली असते, आणि तिला यात अनपेक्षित असे काहीच वाटत नाही.