नुसते घासण्याची मजुरी

ज्या कामातले आपल्याला काही कळत नाही, त्याचा मोबदला आपण कशावरून ठरवतो? प्रश्न बाजारातला दिसतो, पण तो नीतीचा आहे. तो उलगडायला जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे उदाहरण फार सोयीचे आहे.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात हा रेडिओ घरच्या माणसासारखा वावरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रेडिओच्या काट्याने मात्र कोणाचीच हद्द मानली नाही. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र कानडीत बोले, १९६३ साली सुरू झालेले सांगली केंद्र मराठीत, आणि चक्री थोडी फिरवली की एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाता येई. वीज न पोहोचलेल्या वाड्यांवरही हे शक्य झाले, कारण १९४७ साली शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरमुळे चार सेलांवर चालणारा संच पुढे हाती आला.

असा संच आज कपाटावर पडून असतो, आणि बहुधा आत जुने सेल तसेच विसरलेले असतात. सेलाचे बाहेरचे भांडे जस्ताचे. वापरात आणि नुसत्या पडून राहण्यातही ते झिजत जाते, शेवटी फुटते, आणि आतला क्षार बाहेर झिरपून स्प्रिंगवर चढतो. त्यात बेळगाव-खानापूरकडचा पावसाळा. गंज चढायला आणखी काय हवे? मग कोणीतरी हौसेने नवे चार सेल घालतो. रेडिओ गप्पच. किंवा जरा कुजबुजतो आणि आवाज वाढवताच बंद पडतो.

येथे एक गंमत आहे. मीटर लावून पाहिला तर तो पूर्ण सहा व्होल्ट दाखवतो! म्हणजे सेल चांगले, वीजही येते आहे. मग दोष आतल्या भागांचाच, असे कोणालाही वाटेल. पण मीटरला लागणारा प्रवाह अगदी नगण्य असतो. गंजलेल्या जोडाचा विरोध शंभर ओहम धरा. रेडिओने वीस मिलिअँपिअर मागितले की दोन व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. आवाज वाढवून पन्नास मागितले की पाच व्होल्ट गेले, उरला एक. भार पडेपर्यंत तो जोड निर्दोष दिसतो. म्हणून जाणता कारागीर मीटरवर विसंबत नाही. तो टॉर्चचा बल्ब लावून पाहतो. बल्ब मंद पेटला की दोष कोठे आहे ते कळले. दुसरी एक जागाही तो तपासतो: बाहेरून वीज जोडण्याचे भोक. त्यात पिन घातली की एक पातळ पत्री सरकते आणि सेलांची वाट बंद होते. पिन काढल्यावर ती पत्री परत बसली नाही, तर कितीही नवे सेल घाला, उपयोग शून्य.

आता इलाज पाहा. ओल्या फडक्याने क्षार पुसायचा, वाळवायचे, पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि पत्र्या घासायच्या, निखळलेली तार असेल तर डाग द्यायचा. सामान जवळजवळ काहीच नाही. खरे काम झाले ते शोधण्याचे, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. दुसरा कोणी हाच रेडिओ उघडून गंज पुसेल, जाताजाता चांगला ट्रान्झिस्टरही काढून नवा बसवेल, जुना तुमच्या हातावर ठेवेल आणि तिप्पट पैसे घेईल. दोघांचेही रेडिओ सारखेच वाजतील. तिसरा तर स्विचला बगल देऊन तार जोडून मोकळा होईल. रेडिओ वाजेल, पण बंद होणार नाही आणि सेल आठवड्यात संपतील.

कारागिराने प्रामाणिक राहावे, हे आपण सहज सांगतो. पण आपले वागणे काय असते? पहिल्याने खरे सांगितले, "काही बदलले नाही, फक्त घासले," की आपण म्हणतो, "मग एवढे पैसे कसले?" दुसऱ्याने जळलेला म्हणून भाग दाखवला की आपण मुकाट्याने पाकीट काढतो. म्हणजे खऱ्याला आपण दंड करतो आणि खोट्याला बक्षीस देतो, आणि मग बाजारात लबाडी वाढल्याची तक्रार करतो. लबाडी करणाऱ्याची जबाबदारी याने रतीभरही कमी होत नाही. परंतु ज्याला रोज संध्याकाळी घरी पीठ न्यायचे आहे त्याच्यापुढे मोह कोणी मांडला, हेही विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक अडाणी आहे, त्याने पारख कशी करावी? आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनी मीटर शिकावा असे माझे म्हणणे नाही. पण दोन गोष्टी अडाण्यालाही विचारता येतात: दोष कोठे होता, आणि तो कसा ओळखलात? खरे काम करणारा आनंदाने दाखवतो. खरे तर त्याला असे विचारणारा क्वचितच भेटतो. आणि वेळेचे पैसे वेगळे मागितले तर ते द्यावेत. डॉक्टरांनी तपासून "काही नाही, विश्रांती घ्या" म्हटले तरी आपण तपासणीची फी देतोच ना? निदानाला तेथे किंमत आहे. रेडिओवाल्याच्या टेबलापाशी मात्र ती लगेच विसरली जाते.

अवघड प्रसंग आणखी एक उरतो. कारागीर तासभर शोधून सांगतो, "स्पीकरही गेला, पट्टीही सडली, यात पैसे घालू नका." रेडिओ वाजत नाही तो नाहीच. त्या तासाचे काय? बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही, म्हणून पुष्कळ जण हे वाक्य उच्चारतच नाहीत आणि निरुपयोगी दुरुस्ती करून देतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांपुढे हा हिशेब मांडून पाहावा: त्या माणसाला किती द्यावे, आणि का? आणि घरातला जुना संच परत कपाटावर ठेवताना सेल तेवढे बाहेर काढून ठेवावेत.